सीझरची उधारी

वाळूघड्याळ

परवा जेवताना भाच्याने विचारलं, "मामा, सीझर एवढा मोठा झाला तो लढाया जिंकून ना?" तोंडात घास होता, मी हो म्हणून मोकळा झालो. रात्री आडवा पडल्यावर टोचायला लागलं. गॉलची (आजच्या फ्रान्सच्या बाजूची) मोहीम सुरू झाली इ.स.पू. ५८ मध्ये, तेव्हा सीझरने चाळिशी ओलांडली होती. तोवर तो रोमचा मुख्य पुरोहित झाला होता, प्रीटर (वरिष्ठ न्यायाधिकारी) झाला होता, कॉन्सलपदही (वर्षभराचं सर्वोच्च पद) भोगून झालं होतं. लढायांच्या खात्यात जमा काय? तरुणपणी मिटिलीनीच्या वेढ्यात मिळालेला ओकच्या पानांचा मुकुट आणि स्पेनमधली एक मोहीम. त्याच्यापेक्षा सहाच वर्षांनी मोठ्या असलेल्या सेनापती पाँपीने तोवर तीन विजययात्रा काढल्या होत्या.

मग हा वर चढला कशाच्या जोरावर? माझं मत मांडतो, झोडपायला तुम्ही आहातच. सीझर उधारीच्या जोरावर चढला.

घराणं जुनं, थेट व्हीनस देवीपासून वंश सांगणारं. पण देवीच्या वंशजांचं घर होतं सुबुरा भागात, म्हणजे गजबजलेल्या, गरिबांच्या वस्तीत. वडील सोळाव्या वर्षी गेले. आत्या मॅरियसला दिलेली, बायको कॉर्नेलिया सिन्नाची मुलगी. मॅरियस आणि सिन्ना दोघेही सेनापती सुलाचे राजकारणातले हाडवैरी. सुला सत्तेवर आल्यावर त्याने फर्मावलं, बायकोला सोड. सीझर तेव्हा अठरा-एकोणीस वर्षांचा. नाही म्हणाला. बायकोचा हुंडा जप्त झाला, वडिलार्जित वाटा गेला, पौरोहित्याचं पदही गेलं. अंगात ताप असताना तो रोज रात्री जागा बदलत लपत होता. शेवटी सुलाच्या माणसाने गाठलंच, तर दोन टॅलंट (मोठी रक्कम, हिशोब पुढे येतो) हातावर ठेवून सुटला. नातेवाइकांनी रदबदली केली तेव्हा सुलाने सोडलं, पण या पोरात कित्येक मॅरियस दडलेत असं बजावूनच.

म्हणजे सुरुवात शून्यापासून म्हणा, नाहीतर शून्याच्याही खालून.

चाच्यांची गोष्ट सगळ्यांना माहीत असते. इ.स.पू. ७५ च्या सुमारास चाच्यांनी त्याला पकडलं, वीस टॅलंट खंडणी मागितली. हा हसला, म्हणाला तुम्ही कुणाला धरलंय ते तुम्हालाच कळलेलं नाही, पन्नास मागा. अडतीस दिवस त्यांच्यात राहिला, त्यांना कविता ऐकवल्या, दाद दिली नाही तर अडाणी म्हणून हिणवलं, झोपायचं असलं की गप्प बसा म्हणून निरोप धाडला. सुटल्यावर जहाजं गोळा करून त्यांना पकडलं आणि सुळावर चढवलं. लोक ही गोष्ट हिमतीची म्हणून सांगतात. माझं लक्ष दुसरीकडे जातं. ते पन्नास टॅलंट किनाऱ्यावरच्या शहरांनी भरले. स्वतःची किंमत अडीचपट वाढवायची आणि ती दुसऱ्याच्या खिशातून चुकती करवायची, हा धडा त्याने पंचविशीतच गिरवला होता.

आता मुख्य आकडा. ग्रीक चरित्रकार प्लूटार्क सांगतो, कुठलंही सरकारी पद मिळण्याआधीच सीझरच्या डोक्यावर १,३०० टॅलंट कर्ज होतं. एक टॅलंट म्हणजे २४,००० सेस्टर्स (रोमन नाणी). गुणाकार करा: ३ कोटी १२ लाख. रोममध्ये अश्वारोही वर्गात, म्हणजे धनिकांत, नाव लागायला ४ लाखांची मालमत्ता लागे. म्हणजे असे अठ्ठ्याहत्तर धनिक विकले तेव्हा याचं कर्ज फिटणार. पुढे याच सीझरने सैनिकांचा पगार दुप्पट केला, त्या दुप्पट पगाराने वर्षाचे ९०० सेस्टर्स होत. चौतीस हजारांहून जास्त सैनिकांचा वर्षभराचा पगार एकट्या माणसाच्या अंगावर.

गेले कुठे? आप्पियन रस्त्याची देखभाल अंगावर घेतली, त्यात घरचे ओतले ("घरचे" म्हणजे कुणाच्या घरचे ते समजून घ्या). मग इ.स.पू. ६५ मध्ये एडाइल झाला. बाजार, रस्ते, देवळं आणि खेळ-उत्सव बघणारं हे पद. सरकार काही रक्कम देई, पण नाव काढायचं तर पदरमोड करावी लागे. सीझरने वीस वर्षांपूर्वी वारलेल्या वडिलांचं निमित्त काढलं आणि ग्लॅडिएटरांच्या ३२० जोड्या उतरवल्या. साज चांदीचा! सिनेट इतकी घाबरली की शहरात एकाने किती ग्लॅडिएटर ठेवावेत यावर मर्यादा घालावी लागली. जोडीदार एडाइल होता बिब्युलस. खर्च दोघांचा, नाव सीझरचं. बिचारा म्हणाला, फोरममधलं (रोमच्या मुख्य चौकातलं) देऊळ कॅस्टर आणि पॉलक्स दोघा भावांचं, पण लोक नुसतं कॅस्टरचं म्हणतात, तशी माझी गत झाली.

आणि मग ६३. मुख्य पुरोहित वारला. हे पद तहहयात. समोर दोन बुजुर्ग, कॅट्युलस आणि सर्व्हिलियस इसॉरिकस. दोघेही कॉन्सल होऊन गेलेले, सीझर अजून प्रीटरही नाही. कॅट्युलसने मागून निरोप पाठवला, घसघशीत रक्कम देतो, माघार घे. कर्जबाजारी माणसाला नेमकं हेच गाजर दाखवायचं असतं. सीझरने उलट कळवलं, याहून जास्त कर्ज काढीन पण लढीन.

मतदानाच्या सकाळी आई ऑरेलिया दारापर्यंत आली. डोळ्यांत पाणी. त्याने तिचं चुंबन घेतलं आणि म्हणाला, आई, आज तुझा मुलगा एक तर मुख्य पुरोहित होऊन येईल, नाहीतर परागंदा होईल. रोमन चरित्रकार स्युटोनियस स्पष्टच लिहितो की हे बोलताना त्याच्या मनात कर्जाचा डोंगर होता. हरला असता तर त्याच संध्याकाळी सावकार दारात उभे राहिले असते.

जिंकला. प्रतिस्पर्ध्यांच्या स्वतःच्या जमातींतही (म्हणजे मतदारांच्या गटांत) त्यांना एकूण मिळाली त्याहून जास्त मतं याला. सुबुरा सुटलं, मुक्काम पवित्र मार्गावरच्या सरकारी घरात.

सध्या इथेच थांबतो. ६१ ची मजा प्रतिसादांत सांगतो, कुणी वाचत असेल तर.

तिरकस_तात्या

वाचतोय, वाचतोय. आमची आजी "ऋण काढून सण करू नये" म्हणायची. हा गडी सणावर सण करत सुटला आणि देवच होऊन बसला. पुढील भागाच्या प्रतीक्षेत.

एक शंका. याला कर्ज देणारे वेडे होते का? पहिले हजार टॅलंट बुडीत दिसत असताना वरचे तीनशे कोण देतं?

निवृत्त_शाखाधिकारी

तात्या, वरचे तीनशे तेच देतात ज्यांचे आधीचे हजार अडकलेत. चौतीस वर्षं सहकारी क्षेत्रात काढली, हे सांगायला ग्रंथ लागत नाहीत. आमच्याकडे एक कारखानदार होता. पहिलं कर्ज थकलं की दुसरं मागायला यायचा, आणि संचालक मंडळ हात जोडून द्यायचं, कारण नाही दिलं तर पहिलं बुडीत म्हणून दाखवावं लागेल. तो केबिनमध्ये शिरला की चहा आधी त्याला, मग मला.

पण वाळूघड्याळ, मला तारण कळलं नाही. जमीनजुमला नाही, सोनंनाणं नाही. कशावर दिलं? आणि जामीनदार कोण?

वाळूघड्याळ

@निवृत्त_शाखाधिकारी, काका, तारण म्हणजे पुढची पायरी.

रोमची पदं बिनपगारी होती. दरवर्षी क्वेस्टर वीस, प्रीटर आठ, कॉन्सल दोन. खाली रुंद, वर निमुळतं. पण प्रीटर किंवा कॉन्सल झालात की वर्ष संपल्यावर एखादा प्रांत मिळे, आणि प्रांत म्हणजे दुभती गाय. सिसिलीचा सुभेदार व्हेरेस तर म्हणे उघड सांगायचा: पहिल्या वर्षाची कमाई माझी, दुसऱ्या वर्षाची माझ्या वकिलांची आणि तिसऱ्या, सगळ्यात भरघोस वर्षाची न्यायाधीशांची. हे वकील-राजकारणी सिसेरोने त्याच्यावरच्या खटल्यात न्यायाधीशांसमोरच ऐकवलं. तर सावकार पैसे लावत होते ते सीझरच्या भावी प्रांतावर. मधल्या एका निवडणुकीत पडला की सगळं संपलं. म्हणून प्रत्येक निवडणुकीला सावकारच जास्त देव पाण्यात घालून बसत असणार.

आता जामीनदार. ६२ मध्ये सीझर प्रीटर झाला, ६१ साठी त्याला पलीकडचा स्पेन मिळाला. सामानसुमान बांधून निघणार तर सावकारांनी वाट अडवली. सामान जप्त करतो म्हणाले. इतिहासकार ॲपियन लिहितो की सीझर तेव्हा म्हणाला, माझ्याकडे काहीच नाही या अवस्थेला पोचायला मला अडीच कोटी सेस्टर्स लागतील. (हे वाक्य मी फ्रिजवर लावणार आहे.)

तेव्हा पुढे आला क्रॅसस. रोममधला सगळ्यात श्रीमंत इसम. शहरात आग लागली की हा जळतं घर आणि शेजारची घरं पडेल भावात विकत घ्यायचा, पाचशेच्या वर गुलाम गवंडी-सुतार पदरी होते, तेच नव्याने बांधायचे. जे सावकार सगळ्यात हट्टाला पेटले होते त्यांना त्याने ८३० टॅलंटची हमी दिली. जवळजवळ दोन कोटी. सीझर सिनेटचे सोपस्कार पुरे व्हायची वाटही न बघता स्पेनला पळाला.

निवृत्त_शाखाधिकारी

क्रॅसस जामीन राहिला म्हणजे त्याला काहीतरी हवं होतं. जामीन राहणारा कधी प्रेमापोटी राहत नाही, मेहुणा असला तरी.

वाळूघड्याळ

अगदी. प्लूटार्कनेच लिहून ठेवलंय की क्रॅसस ओळखीपाळखीच्यांना बिनव्याजी पैसे द्यायचा, पण मुदत संपली की एक दिवसाची सवलत नाही. लोक म्हणत, त्याच्या फुकटापेक्षा दुसऱ्याचं व्याज परवडलं. त्याला पाँपी डोळ्यांत खुपत होता, आणि पाँपीला अडवायला फोरममध्ये लोकप्रिय असलेला, अंगात रग असलेला माणूस हवा होता.

स्पेनची गंमत ऐका. त्याच्या प्रांतात कर्जदार-सावकार तंटे पेटले होते. हा कर्जबुडवा सुभेदार म्हणून निवाडा देतो: कर्जदाराच्या उत्पन्नातले दोन तृतीयांश दरवर्षी सावकाराने घ्यावेत, एक तृतीयांश कर्जदाराकडे राहावेत, कर्ज फिटेपर्यंत. काका, हप्तेबंदीची योजना! दोन्ही बाजू खूश.

त्याच वेळी दुसरीकडे लुसिटानियातली काही गावं, ज्यांनी दरवाजे उघडून दिले होते, तीही लुटली. आणि मित्रराज्यांकडे कर्ज फेडायचंय म्हणून पैसे मागितले. हे स्युटोनियस सांगतो. वर्षाच्या आत माणूस सुस्थितीत परत.

मीठभाकर

लेख छान, वाचनखूण साठवली आहे. पण मला सगळं पटलं नाही.

कर्ज काढून निवडणूक लढवणं हे सीझरचं वैशिष्ट्य कुठे होतं? तेव्हा अख्खं रोम तेच करत होतं. प्रत्येक जमातीत पैसे वाटायला ठरलेली माणसं असत, त्यांना नावही होतं, दिव्हिसोरेस. तुम्ही ६३ साल घेतलंत तर त्याच सालचा दुसरा माणूस विसरलात: कॅटिलाइन. तोही जुन्या घराण्यातला, तोही कर्जात बुडालेला, तोही देखणा नि बोलघेवडा. कॉन्सलच्या निवडणुकीत दोनदा पडला. दुसऱ्यांदा पडल्यावर सावकारांना द्यायला काही उरलं नाही, तेव्हा "सगळी कर्जं माफ, नवी खातेवही" असा पुकारा करत बंडाला उभा राहिला. ६२ च्या सुरुवातीला पिस्टोरियाजवळ लढता लढता मेला.

म्हणजे तीच उधारी, तोच डाव, एक पुरोहित झाला आणि दुसऱ्याचं मुंडकं रोमला आलं. मग उधारीने चढला असं कसं म्हणता? उधारी दोघांकडे होती. फरक दुसऱ्या कशात तरी असणार.

तिरकस_तात्या

मीठभाकर ताईंनी वाळूचं घड्याळ उलटं केलं. +१

शंकासुर

माझे दोन पैसे. हे सगळे आकडे आले कुठून? स्युटोनियस आणि प्लूटार्क दोघेही सीझर मेल्यावर दीडशे वर्षांच्या आसपास लिहितायत. ॲपियन त्याहून नंतरचा. आईच्या दारातला प्रसंग तर सरळ नाटकातला वाटतो. त्या दोघांचं बोलणं कुणी लिहून घेतलं?

आणि आणखी एक. सीझरचे विरोधक त्याला कर्जबाजारी म्हणणारच. तेव्हाच्या राजकारणात ती ठरलेली शिवी होती. सिसेरोने कॅटिलाइनच्या माणसांना तीच दिली.

वाळूघड्याळ

@शंकासुर, आकडा नेमका १,३०० होता की ९००, यावर मी पैज लावणार नाही. आईचा प्रसंगही स्युटोनियस आणि प्लूटार्क जरा वेगळा सांगतात. पण सिसेरोची पत्रं त्याच काळातली आहेत, छापायला म्हणून लिहिलेली नाहीत, आणि त्यांत सीझरचे पैसे पुन्हा पुन्हा येतात. त्यावर पुढे येतो.

@मीठभाकर, तुमचा मुद्दा खरा आहे आणि मला तो आधी सुचायला हवा होता. कॅटिलाइन कॉन्सलपदाला पडला तेव्हा त्याच्या मागे मोठा जामीनदार उभा राहिला नाही. सीझरच्या मागे राहिला. का? मला वाटतं कारण सीझरने सावकारांना कधी धमकावलं नाही. कॅटिलाइन खातेवह्या जाळायला निघाला, सीझर तीच खातेवही आणखी भरत गेला. दुसरं म्हणजे कॅटिलाइनही प्रीटर झाला होता, पण सर्वोच्च पायरीवर दोनदा घसरला, सीझर एकेक पायरी वेळेवर चढला, प्रीटर आणि कॉन्सल दोन्ही कायद्याने ठरलेल्या वयाच्या आसपास. तुम्ही याला कर्तृत्व म्हणा, मी पत म्हणतो.

आता ६० आणि ५९. हा भाग मला सगळ्यात आवडतो, तेव्हा जरा पाल्हाळ सोसा.

स्पेनमधून परतला तो विजययात्रेचा हक्क घेऊन. पण विजययात्रा काढणाऱ्या सेनापतीने तोवर शहराच्या पवित्र हद्दीबाहेर थांबायचं, आणि कॉन्सलपदाचा अर्ज मात्र शहरात येऊन स्वतः भरायचा. त्याने सूट मागितली. सीझरचा कट्टर विरोधक केटो सिनेटमध्ये बोलायला उभा राहिला आणि सूर्य मावळेपर्यंत बोलतच राहिला. दिवस संपला, ठराव बारगळला. कुठल्याही रोमन माणसाला आयुष्यात एकदा तरी हवी असते ती विजययात्रा सीझरने सोडून दिली, हद्द ओलांडली, अर्ज भरला. रुबिकॉन नदीचं (जी पुढे सैन्यासह ओलांडून त्याने यादवी युद्ध सुरू केलं) सगळे बोलतात, मला ही हद्द जास्त मोठी वाटते.

सिनेटवाल्यांनी मग बिब्युलसला उभं केलं (हो, तोच कॅस्टर-पॉलक्सवाला) आणि त्याच्यासाठी वर्गणी काढून पैसे वाटले. लाचेच्या नावाने बोटं मोडणाऱ्या केटोनेही या लाचेला राष्ट्रहित म्हणून मान डोलावली. वर, निवडून येणाऱ्या कॉन्सलना पुढे प्रांत म्हणून द्यायचं ठरवलं काय, तर इटलीतली रानं आणि गुरांच्या वाटा! म्हणजे सावकारांचं तारणच काढून घेतलं. काका, याहून सरळ हल्ला कर्जदारावर कुणी करू शकेल?

सीझरचं उत्तर म्हणजे पाँपी आणि क्रॅसस यांची दिलजमाई. पाँपीला निवृत्त सैनिकांसाठी जमिनी हव्या होत्या आणि पूर्वेकडे केलेली व्यवस्था मंजूर करून हवी होती. क्रॅससच्या मित्रांनी, म्हणजे आशिया प्रांताच्या करवसुलीच्या मक्तेदारांनी, लिलावात वेडी बोली लावून ठेवली होती, त्यांना सूट हवी होती. दोघांची अडलेली कामं आणि दोघांचं आपसांत वाकडं. मधे सीझर. पाँपीला आपली एकुलती मुलगी ज्युलिया दिली.

मग ५९ चा फोरम. जमिनीच्या कायद्याला विरोध करायला बिब्युलस आला, तर गर्दीने त्याच्या डोक्यावर शेणाची पाटी रिकामी केली, त्याच्या शिपायांच्या हातातले अधिकारदंड मोडले. कॉन्सल! भर चौकात! अंगावरून शेण ओघळतंय आणि समोर कायदा मंजूर होतोय. दुसऱ्या दिवशी सिनेटमध्ये दाद मागितली तर कुणी हूं की चूं केलं नाही. त्यानंतर तो वर्षाचे उरलेले महिने घरात बसला आणि आकाशात अपशकुन दिसतायत म्हणून पत्रकं काढत राहिला. कायद्याने अपशकुनाच्या दिवशी सभा चालत नाही, पण सीझरने चालवल्या. लोक वर्षाचं नाव थट्टेने लिहायला लागले: ज्युलियस आणि सीझर यांचं कॉन्सलपद.

मक्तेदारांची एक तृतीयांश रक्कम माफ झाली. इजिप्तच्या टॉलेमीला रोमचा मित्र म्हणवून घ्यायचं होतं. त्याच्याकडून स्वतःच्या आणि पाँपीच्या नावाने जवळपास ६,००० टॅलंट. आणि राना-गुरांच्या वाटांऐवजी लोकसभेकडून कायदा करून घेतला: आल्प्सच्या अलीकडचा गॉल आणि इलिरिकम, पाच वर्षं, तीन लीजन (सैन्याची मोठी पथकं). पलीकडच्या गॉलचा ठरलेला सुभेदार अचानक वारला, तोही प्रांत सिनेटने मुकाट्याने जोडून दिला, वर एक लीजन.

तारण परत मिळालं. व्याजासकट.

तिरकस_तात्या

शेणाची पाटी! आयुष्यभर हा बिब्युलस याच्याच वाट्याला. एडाइल असताना जोडीला, कॉन्सल असताना जोडीला. याच्यावर वेगळा धागा काढा, मी पहिला प्रतिसाद देईन.

रानजाई

धागा रंगलाय, पण मला एक गोष्ट खटकते. सगळे हसतोय, कर्ज कसं काढलं, कसं फिरवलं. ते फेडलं कुणी?

आठ-नऊ वर्षांची गॉलची मोहीम. प्लूटार्कच लिहितो, दहा लाख मारले, दहा लाख बंदी केले, आठशेवर गावं घेतली. आकडे फुगवलेले असतील, निम्मे करा, चौथाई करा. मग? बंदी म्हणजे बाजारात विकलेली माणसं. अट्युआटुकी जमातीचं गाव घेतल्यावर सीझर स्वतःच लिहितो की सगळं गाव एकगठ्ठा विकलं आणि खरेदीदारांनी डोकी मोजली ती ५३,०००. त्याच्याच पुस्तकात आहे, विरोधकांच्या नाही.

देवळांतली नवसाची दौलत गेली. गॉलचं सोनं इटलीत इतकं आलं की त्याने ते रतलाला ३,००० सेस्टर्सने विकायला काढलं, भाव कोसळला. सुबुरातल्या मुलाची उधारी गॉलमधल्या बायकापोरांनी फेडली. इतकंच म्हणायचं होतं.

मीठभाकर

रानजाई, धन्यवाद. ५३,००० चा आकडा वाचून थांबले.

गॉलमधल्या अलेशियाचंही असंच आहे. ५२ मध्ये वेढ्यात अन्न संपलं तेव्हा गॉलांचा सेनानी व्हर्सिंगेटोरिक्स याच्या लोकांनी मंदूबी जमातीच्या म्हाताऱ्यांना, बायकांना, मुलांना गावाबाहेर काढलं. गाव त्यांचंच. ते सीझरच्या तटाशी आले, गुलाम करा पण खायला द्या म्हणाले. त्याने आत घ्यायचं नाही म्हणून पहारे बसवले. दोन तटांच्या मधल्या पट्ट्यात ती माणसं राहिली. हेही त्याने स्वतःच, जराही आवाज न चढवता लिहिलंय.

वाळूघड्याळ

@रानजाई, तुमचं बरोबर आहे आणि माझ्या मूळ लेखात हे यायला हवं होतं. मी रोममध्येच रमलो.

त्या पैशाचं पुढे काय झालं ते मात्र याच धाग्यात बसतं, कारण इथून खातेवही उलटते. कर्जदार सावकार होतो.

फोरमलगत नवा चौक बांधायला नुसत्या जागेचे दहा कोटींच्या वर सेस्टर्स. निवडणुकीत खंक झालेले, खटल्यात अडकलेले, उधळे तरुण, सगळ्यांसाठी सीझरची थैली उघडी. स्युटोनियस म्हणतो, अगदीच गळ्यापर्यंत बुडालेल्यांना तो सरळ सांगायचा, तुला यादवी युद्धच लागेल. कर्ज कमी व्याजाने, कधी बिनव्याजी. आणि @शंकासुर, हे घ्या समकालीन: सिसेरो. स्वतः सिसेरो! त्याने सीझरकडून आठ लाख सेस्टर्सच्या आसपास घेतले होते, आणि ५१-५० मधल्या पत्रांत तो मित्र ॲटिकसला कळवळून लिहितो की हे आधी फेडून टाकायला हवं, ज्याच्याशी राजकारणात वैर त्याचा ऋणको असणं लाजिरवाणं.

५० साली कॉन्सल पॉलस विरोधात जाणार असं वाटत होतं. १,५०० टॅलंट दिले, त्याने फोरममध्ये देखणी बॅसिलिका बांधायला घेतली आणि गप्प बसला. ट्रिब्यून (जनतेचा निवडलेला प्रतिनिधी) क्युरिओ, पक्का सीझरविरोधी, कर्जाने कावलेला. त्याचं कर्ज फेडलं, तो फिरला. याच क्युरिओने १ डिसेंबरला सिनेटमध्ये ठराव टाकला की सीझर आणि पाँपी दोघांनीही सैन्य सोडावं. बाजूने ३७०, विरोधात २२. मंजूर झालेला ठराव त्या बावीस जणांनी चालू दिला नाही.

पुढचं पाठ्यपुस्तकात आहे. जानेवारी ४९, तेरावी लीजन, रुबिकॉन. सैन्य सोडून साधा नागरिक म्हणून परतला असता तर ५९ च्या करामतींचे खटले दारातच उभे होते.

शंकासुर

सिसेरोचं मान्य. पण मग तुमचाच मुद्दा पालटतो ना? रुबिकॉन ओलांडताना त्याच्याकडे उधारी नव्हती, सैन्य होतं. नुसत्या उधारीवर हा माणूस ५९ पर्यंत आला. त्यापुढे तलवार. शीर्षक "सीझरची अर्धी उधारी" करा.

वाळूघड्याळ

अर्धी चालेल. पण रुबिकॉननंतरची एक बारीकशी गोष्ट सांगतो, मग तुम्हीच ठरवा.

४९ च्या उन्हाळ्यात सीझर पुन्हा स्पेनकडे निघाला, पाँपीच्या फौजांशी भिडायला. एप्रिलमध्येच रोममध्ये शनीच्या देवळातला सरकारी खजिना फोडला होता. ट्रिब्यून मेटेलस दारात आडवा आला तर त्याला म्हणाला, तुला मारण्यापेक्षा हे बोलणंच मला जास्त जड जातंय. म्हणजे पैशाची अगदीच ददात होती असं नाही. तरीही वाटेत त्याने काय केलं, तर आपल्याच लष्करी ट्रिब्यूनांकडून आणि सेंच्युरियनांकडून (म्हणजे सैन्यातल्या अधिकाऱ्यांकडून) पैसे उसने घेतले. आणि ते सैनिकांना वाटून टाकले.

स्वतःच्या यादवी युद्धाच्या वृत्तांतात तो कारणही लिहितो: एकाच गोष्टीत दोन कामं झाली. सेंच्युरियनांची मनं गहाण पडली आणि सैनिकांची मर्जी विकत मिळाली.

निवृत्त_शाखाधिकारी

आत्ता समजलं. सेंच्युरियन आता पळून जाणार नाहीत. पैसे अडकले.

आमचा तो कारखानदार शेवटी शेवटी कामगारांच्या पतपेढीतूनही उचलायचा. मला वाटायचं, याला कुठेच मिळेना म्हणून. आता विचार करतो तर संप कधी झाला नव्हता त्याच्याकडे.

तिरकस_तात्या

काका, त्याने तुम्हाला चहा तरी पाजला होता का कधी?

निवृत्त_शाखाधिकारी

सांगितलं ना तात्या, केबिन माझी होती. चहा मीच पाजायचो.